इंग्रजीत एकच ‘नाही’ पुरे: दुहेरी नकाराची चूक पायरीपायरीने कशी काढायची

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकदा निरोप आला: ‘नोबडी डिडन्ट टेल मी नथिंग अबाउट वॉटर कट.’ पाणी जाणार आहे हे मला कोणीच सांगितलं नाही, एवढंच त्या गृहस्थांना म्हणायचं होतं. वाक्यात नकार तीन. ग्रुपवर सगळ्यांना ते बरोबर कळलं, कारण वाचणारे सगळे मराठी. हेच वाक्य बँकेला, परदेशी ग्राहकाला किंवा मुलाखत घेणाऱ्याला गेलं की अडचण सुरू होते.

दादरला माझा संध्याकाळचा इंग्रजीचा वर्ग असतो. ऑफिस सुटल्यावर लोकलने धडपडत येणारी माणसं, बहुतेक मराठी माध्यमातली. ‘दोन नकार म्हणजे होकार’ हा नियम त्यातल्या प्रत्येकाला पाठ आहे आणि तरीही दर आठवड्याला वह्यांमध्ये ‘आय डोन्ट नो नथिंग’ सापडतंच. वाक्य लिहून झालं की त्यात चूक आहे, इतकंच तो नियम सांगतो. वाक्य बांधताना काय करायचं, याबद्दल तो गप्प असतो. म्हणून खाली बांधणीचा क्रम दिला आहे. पायऱ्या उड्या मारून वाचू नका, चौथी पायरी पहिलीशिवाय कळणार नाही. इंग्रजी वाक्यं मोठ्याने वाचा. ही चूक डोळ्यांपेक्षा कानाला लवकर सापडते.

## तयारी: चूक कुठून येते ते आधी बघा

‘कोणीच’ म्हणजे ‘नोबडी’ आणि ‘काहीच’ म्हणजे ‘नथिंग’ असं आपण शाळेत पाठ केलं. गडबड इथेच आहे. ‘कोणीच आलं’ असं म्हणून थांबा बरं. समोरचा पुढच्या शब्दाची वाट बघत राहील, कारण ‘कोणीच’मध्ये नकार नाहीच, तो वाक्याच्या शेवटी येणाऱ्या ‘नाही’त आहे. इंग्रजी ‘नोबडी’ मात्र ‘नाही’ पोटात घेऊनच येतो. ‘नोबडी’ म्हणजे ‘कोणीच’ अधिक ‘नाही’, दोन्ही एका शब्दात.

आपण ‘कोणीच’साठी ‘नोबडी’ लिहितो आणि तिथेच ‘नाही’ खर्च होतो. मग शेवटी मराठी ‘नाही’ उरलेला दिसतो, म्हणून क्रियापदाला ‘डिडन्ट’ लावतो. एकच बिल दोनदा भरल्यासारखं.

तयारीला वहीचं एक पान घ्या आणि तीन रकाने पाडा.

पहिल्या रकान्यात उघड नकार: नॉट आणि त्याची सगळी जोडरूपं, म्हणजे डोन्ट, डिडन्ट, कॅन्ट, वोन्ट, हॅवन्ट, शिवाय नो, नोबडी, नथिंग, नन, नेव्हर, नोव्हेअर, नायदर, नॉर.

दुसऱ्यात छुपे नकार. हे नाकासमोर असून दिसत नाहीत: हार्डली, स्केअर्सली, बेअरली, सेल्डम, विदाउट, अनलेस; क्रियापदांत डिनाय, रिफ्यूज, अव्हॉइड, प्रिव्हेंट, फर्बिड, डाउट.

तिसऱ्यात बिननकारी शब्द: एनीबडी, एनीथिंग, एनी, एव्हर, एनीव्हेअर, आयदर. आपल्या ‘कोणीच, काहीच, कधीच, कुठेच’चे खरे भाऊ हे. स्वतः नकार देत नाहीत, पण नकाराच्या मागे मागे येतात.

तपासणी: तिसऱ्या रकान्यातला एखादा शब्द तुम्ही आजवर ‘नाही’च्या अर्थाने वापरत आला असाल तर त्याखाली रेघ ओढा. वर्गात बहुतेकांची रेघ ‘आयदर’खाली येते.

## पायरी १: मराठी वाक्य पूर्ण लिहा, ‘नाही’ला गोल करा

अर्धं मराठीत आणि अर्धं इंग्रजीत विचार करत वाक्य उभं केलं की नकार दोनदा सांडतो. सुरुवातीचे पंधरा-वीस दिवस मराठी वाक्य कागदावर लिहाच.

आपला नकार जवळजवळ नेहमी क्रियापदाशी, वाक्याच्या शेवटी असतो. पण त्याची रूपं बरीच आहेत: नाही, नव्हता, नसेल, नको, नये आणि ‘न सांगता’मधला ‘न’. सगळ्यांना गोल करा. ‘कोणीच’ला गोल करायचं नाही. त्याच्याखाली फक्त तुटक रेघ.

‘मी कोणालाच काही सांगितलं नाही.’ गोल एक, तुटक रेघा दोन. इंग्रजीतही नकार एकच यायला हवा, गोलांइतका.

सावध: ‘नये’ हमखास सुटतो. ‘पाणी आत येऊ नये म्हणून’ यात नकार आहे. त्याचा हिशेब पाचव्या पायरीत लागेल.

## पायरी २: नकार कुठे बसवायचा ते ठरवा

मराठीत जागा ठरलेली असते. इंग्रजीत दोन असतात: क्रियापदात बसवा किंवा शब्दात. कुठेही बसवला तरी दुसरी जागा रिकामी ठेवायची.

‘मी कोणालाच पाहिलं नाही’ याची दोन्ही रूपं बरोबर आहेत. क्रियापदात बसवला तर ‘आय डिडन्ट सी एनीबडी’, शब्दात बसवला तर ‘आय सॉ नोबडी’. रोजच्या बोलण्यात पहिलं जास्त ऐकू येतं, दुसऱ्यात थोडा जोर येतो. गोंधळ होत असेल तर पहिलंच धरा.

पण ‘कोणीच’ कर्ता असेल, म्हणजे वाक्य त्याच्यापासून सुरू होत असेल, तर निवड उरत नाही. ‘कोणीच आलं नाही’चं ‘एनीबडी डिडन्ट कम’ होत नाही. एनी-घराण्यातले शब्द नकाराच्या मागून येतात, पुढे होऊन उभे राहत नाहीत. इथे ‘नोबडी केम’ हेच हवं.

व्यवहारापुरता नियम असा: ‘कोणीच’ किंवा ‘काहीच’ कर्ता असेल तर नोबडी, नथिंग आणि साधं होकारार्थी क्रियापद. क्रियापदानंतर येत असेल तर नॉट आणि एनी.

‘मला काहीच कळलं नाही’ हे वाक्य इथे फसवतं. मराठीत ‘मला’ कर्ता वाटत नाही, कळणारी गोष्ट कर्ता वाटते. इंग्रजीत मात्र ‘आय’ कर्ता होतो आणि ‘काहीच’ मागे जातं: ‘आय डिडन्ट अंडरस्टँड एनीथिंग’. ‘मला कोणीच भेटलं नाही’ही तसंच: ‘आय डिडन्ट मीट एनीबडी’. तेव्हा कर्ता इंग्रजी वाक्याचा बघायचा, मराठीचा नव्हे.

तपासणी: वाक्याच्या सुरुवातीला नोबडी किंवा नथिंग आहे का? असेल तर पुढच्या क्रियापदावर बोट ठेवा. तिथे नॉट नको.

## पायरी ३: ‘डिडन्ट’ काढलात तर क्रियापद सांभाळा

चूक दुरुस्त करताना नवी चूक होते ती इथे. ‘नोबडी डिडन्ट कम’मधला ‘डिडन्ट’ विद्यार्थी खोडतो आणि ‘नोबडी कम’ ठेवतो. ‘डिडन्ट’ जाताना भूतकाळही घेऊन जातो, तो क्रियापदाला परत द्यावा लागतो: नोबडी केम. तसंच ‘नथिंग डिडन्ट हॅपन’चं ‘नथिंग हॅपन्ड’ आणि ‘नोबडी डझन्ट नो’चं ‘नोबडी नोज’.

उलट बाजूने, ‘डिडन्ट’ ठेवलात तर क्रियापद मूळ रूपात हवं. ‘डिडन्ट केम’ नाही, ‘डिडन्ट कम’. हा दुहेरी नकार नाही, दुहेरी भूतकाळ आहे. पण दोघं बहुधा एकाच वाक्यात हातात हात घालून येतात.

## पायरी ४: ‘जोपर्यंत’ आणि ‘जर नाही’ची वाक्यं वेगळी काढा

अंधेरीच्या ऑफिसांपासून फोर्टच्या बँकांपर्यंत शिकलेसवरलेले लोकही जी चूक रोज करतात, ती ही. पुढे जायची घाई करू नका.

मराठीत म्हणतो, ‘जोपर्यंत साहेब येत नाहीत तोपर्यंत मी जाणार नाही.’ गोल दोन. पहिल्या पायरीच्या हिशेबाने इंग्रजीतही नकार दोन यायला हवेत आणि तसंच लिहिलं जातं: ‘अनटिल द बॉस डझन्ट कम, आय वोन्ट गो.’ चूक. इंग्रजी ‘अनटिल’ त्या घटनेच्या क्षणाकडे बोट दाखवतो. साहेब येतात तो क्षण. त्यामुळे त्याच्या बाजूला नकार लागत नाही: ‘आय वोन्ट गो अनटिल द बॉस कम्स.’

पाठ करण्यापेक्षा मराठी वाक्यच बदला. आपल्याकडे ‘येईपर्यंत’ हे रूप आहेच. ‘साहेब येईपर्यंत मी जाणार नाही.’ गोल एकच उरला. ‘जोपर्यंत पैसे जमा होत नाहीत’ऐवजी ‘पैसे जमा होईपर्यंत’, ‘जोपर्यंत लाइट येत नाही’ऐवजी ‘लाइट येईपर्यंत’. मराठी आधी सरळ केली की इंग्रजी आपोआप सरळ उतरतं. ही युक्ती मला वर्गातल्याच एका नर्सबाईंनी दाखवली. मी त्याआधी बरीच वर्षं नियम घोकून घेत होते.

‘अनटिल’च्या बाजूला ‘विल’ही नको. ‘अनटिल द बॉस विल कम’ ही जुळी चूक.

आता ‘अनलेस’. याचा अर्थच ‘जर नाही तर’. नकार आत भरलेला. ‘अनलेस यू डोन्ट शो युवर पास, यू कॅन्ट एन्टर’ याचा शब्दशः अर्थ होतो: पास दाखवला तर आत जाता येणार नाही. गेटवरच्या माणसाने असं लिहून ठेवलं तर पास खिशात ठेवणारेच आत जातील! हवं ते: ‘अनलेस यू शो युवर पास, यू कॅन्ट एन्टर.’ किंवा ‘इफ यू डोन्ट शो युवर पास, यू कॅन्ट एन्टर.’ अनलेस घेतला तर डोन्ट सोडायचा, इफ घेतला तर डोन्ट ठेवायचा.

मराठीत इथे ‘-शिवाय’ वापरून बघा: ‘पास दाखवल्याशिवाय आत जाता येणार नाही.’ पहिल्या भागातला ‘नाही’ गेला की ‘अनलेस’चा भाग मोकळा होतो.

तपासणी: लिहिलेल्या मजकुरात अनटिल आणि अनलेस शोधा. त्यांच्यापासून पुढच्या स्वल्पविरामापर्यंत किंवा पूर्णविरामापर्यंत नॉट दिसला तर तो नव्वद टक्के वेळा जादा असतो. हे नव्वद टक्के माझ्या वह्या तपासण्याच्या अनुभवाचे, कुठल्या अभ्यासाचे नव्हेत.

## पायरी ५: छुप्या नकारांचा हिशेब

दुसरा रकाना आता समोर घ्या.

‘हार्डली’ म्हणजे जेमतेम, जवळजवळ नाहीच. फोनवर आवाज येत नसला की आपण म्हणतो, ‘आय कॅन्ट हार्डली हिअर यू.’ बरोबर वाक्य ‘आय कॅन हार्डली हिअर यू.’ इथे लोक बुचकळ्यात पडतात, कारण ऐकू येत नाही आणि ‘कॅन’ म्हणायचं? हो, कारण ‘नाही’ हार्डलीत आहे. त्याच्या मागे एनी चालतो: ‘देअर आर हार्डली एनी सीट्स.’ सकाळच्या विरार लोकलबद्दल हे वाक्य बिनधास्त वापरा.

‘विदाउट’च्या मागेही एनीच. ‘कोणालाही न सांगता ती गेली’: ‘शी लेफ्ट विदाउट टेलिंग एनीबडी.’ ‘विदाउट टेलिंग नोबडी’ नाही.

आता तो मघाचा ‘नये’. ‘पावसाचं पाणी घरात येऊ नये म्हणून आम्ही दाराला फळी लावली.’ हिंदमाता किंवा सायनच्या तळमजल्यावर राहणाऱ्यांना हे वाक्य समजावून सांगायला नको. इंग्रजीत होतं: ‘वी पुट अ बोर्ड टू प्रिव्हेंट द वॉटर नॉट टू एन्टर.’ प्रिव्हेंट म्हणजेच ‘होऊ न देणं’. त्यात नॉट घातला की पाणी आत येत नव्हतं, ते आपण आणलं असा अर्थ निघू लागतो. दोनपैकी एक करा: ‘टू प्रिव्हेंट द वॉटर फ्रॉम एन्टरिंग’ किंवा ‘सो दॅट द वॉटर डझन्ट एन्टर’. पहिल्यात नकार क्रियापदाच्या अर्थात, दुसऱ्यात नॉटमध्ये.

‘अव्हॉइड’चं तेच. ‘चुका होऊ नयेत म्हणून’ हे ‘टू अव्हॉइड मिस्टेक्स’ इतकंच. ‘आईने जाऊ नको म्हणून सांगितलं’ याला ‘मदर टोल्ड मी नॉट टू गो’ किंवा ‘मदर फर्बेड मी टू गो’. दोन्हींची खिचडी ‘फर्बेड मी नॉट टू गो’ म्हणजे जायलाच हवं असं आईने बजावलं!

सगळ्यात महाग पडतो ‘डिनाय’. एका ओळखीच्या माणसाला कार्यालयातून खुलासा मागवला होता, आगाऊ रक्कम घेतल्याचा आरोप होता. त्याने लिहिलं: ‘आय डिनाय दॅट आय डिड नॉट टेक एनी ॲडव्हान्स.’ मनातलं मराठी असं: मी नाकारतो, मी पैसे घेतले नाहीत. मराठीत ही दोन वाक्यं शेजारीशेजारी बसतात आणि एकमेकांना आधार देतात. इंग्रजीत दुसरं पहिल्याच्या पोटात गेलं आणि अर्थ झाला: ‘मी पैसे घेतले नाहीत’ हे मी नाकारतो. म्हणजे घेतले. कागद पुढे जायच्या आत कोणीतरी पाहिला म्हणून निभावलं. लिहायला हवं होतं: ‘आय डिनाय टेकिंग एनी ॲडव्हान्स.’ किंवा डिनाय बाजूला ठेवून सरळ ‘आय डिड नॉट टेक एनी ॲडव्हान्स.’ आरोपाला उत्तर देताना दुसरंच वापरा. त्यात घसरायला जागा नाही.

‘डाउट’ही असाच. ‘मला शंका आहे, तो येणार नाही’ असं आपण म्हणतो तेव्हा तो येणार नाही असंच वाटत असतं. पण ‘आय डाउट ही वोन्ट कम’ म्हणजे तो बहुधा येईल. ‘आय डाउट ही विल कम’ म्हणा, नाहीतर ‘आय डोन्ट थिंक ही विल कम’. या दुसऱ्या वाक्यात इंग्रजी नकार उचलून ‘थिंक’ला लावतं, एकदा तिथे लागला की मागच्या ‘विल’ला लावायचा नाही.

तपासणी: शब्द छुपा नकार आहे की नाही अशी शंका आली तर वाक्याच्या शेवटी छोटा प्रश्न जोडून बघा. साध्या होकारार्थी वाक्याला नकारी शेपूट लागतं: ‘ही स्पीक्स इंग्लिश, डझन्ट ही?’ नकारार्थी वाक्याला होकारी: ‘ही हार्डली स्पीक्स, डझ ही?’ होकारी शेपूट कानाला बरं वाटलं की समजा, आत नकार आहे. ‘नोबडी कॉल्ड, डिड दे?’ यातही तेच. विदाउट, अनलेस आणि डिनाय, अव्हॉइडसारख्या क्रियापदांना मात्र ही तपासणी लागू पडत नाही, ती यादीतूनच ओळखा.

## पायरी ६: ‘हो’ आणि ‘नाही’चं उत्तर उलटं करा

‘जेवला नाहीस?’ असं विचारलं की आपण म्हणतो, ‘हो ना, नाही जेवलो.’ आपला ‘हो’ विचारणाऱ्याला दुजोरा देतो: तू म्हणतोस ते खरं. इंग्रजी ‘येस’ विचारणाऱ्याकडे बघतच नाही, तो वस्तुस्थितीकडे बघतो. जेवलात तर येस, नाही तर नो. प्रश्न कसाही विचारलेला असो.

मुलाखतीत एकीला विचारलं गेलं, ‘यू हॅवन्ट वर्क्ड ऑन टॅली?’ ती प्रामाणिकपणे म्हणाली, ‘येस सर.’ पुढची दहा मिनिटं तिला टॅलीवरचे प्रश्न आले. म्हणायला हवं होतं, ‘नो सर, आय हॅवन्ट.’

येसच्या मागे होकारार्थी वाक्य, नोच्या मागे नकारार्थी. ‘येस, आय हॅवन्ट’ अशी जोडी कधीच नको. एका शब्दात उत्तर देऊन थांबायची सवय मोडा. मागे छोटं वाक्य जोडलं की घोटाळा उरत नाही.

‘डू यू माइंड इफ आय ओपन द विंडो?’ याला परवानगी द्यायची असेल तर ‘नो, नॉट ॲट ऑल’. ‘येस’ म्हणालात तर तुम्हाला त्रास होतोय.

आणि ‘मलाही माहीत नाही’: ‘आय ऑल्सो डोन्ट नो’ आपल्याकडे सर्रास चालतं, पण रुळलेलं इंग्रजी ‘आय डोन्ट नो आयदर’. इथे ‘नायदर’ घातला की नकार दोन झाले. ‘चहाही नको, कॉफीही नको’ला ‘आय डोन्ट वॉन्ट टी ऑर कॉफी’ किंवा ‘आय वॉन्ट नायदर टी नॉर कॉफी’. डोन्ट आणि नायदर एकाच वाक्यात आले तर एकाला उतरवा.

## पायरी ७: दोन नकार मुद्दाम हवे असतील तेव्हा

इथवर आलेला विद्यार्थी दोन नकार दिसले की खोडायला धावतो. थांबा. काही वाक्यांत दोन्ही नकार काम करत असतात.

मराठीत आपण म्हणतो, ‘मला आवडत नाही असं नाही.’ म्हणजे आवडतं? अगदी तसंही नाही. तेवढीच छटा इंग्रजीत ‘इट्स नॉट दॅट आय डोन्ट लाइक इट’मध्ये येते. ‘नॉट इम्पॉसिबल’ म्हणजे ‘पॉसिबल’पेक्षा थोडं कमी, जरा हात राखून. ‘नॉट अनकॉमन’ तसंच. ‘तो छत्रीशिवाय कधीच बाहेर पडत नाही’ याला ‘ही नेव्हर गोज आउट विदाउट ॲन अम्ब्रेला’. जूनमध्ये मुंबईत हे शहाणपणही आहे. दोन्ही नकार ठेवायचे, कारण दोघांनी मिळून ‘नेहमी छत्री घेऊन’ हा अर्थ तयार होतो.

शाळेच्या पेपरातला ‘अर्थ न बदलता वाक्य नकारार्थी करा’ हा प्रश्न याच तत्त्वावर चालतो. ‘एव्हरीबडी लाइक्स वडापाव’ याचं ‘देअर इज नोबडी हू डझन्ट लाइक वडापाव’. ‘ही ऑल्वेज कम्स ऑन टाइम’ याचं ‘ही नेव्हर कम्स लेट’: एक नकार आणि एक उलट अर्थाचा शब्द. मुलं गुण घालवतात ती ‘ही नेव्हर डझन्ट कम लेट’ असं लिहून. पहिल्या उदाहरणात नोबडी एका क्रियापदाकडे आहे आणि डझन्ट दुसऱ्याकडे. प्रत्येकाला आपापला नकार. तिसऱ्यात एकाच क्रियापदावर दोघे चढून बसले आहेत.

ओळखायची रीत: एक नकार खोडून वाक्य वाचा. अर्थ उलटा झाला तर दोन्ही हवे होते. अर्थ तुमच्या मनातलाच राहिला तर खोडलेला जादा होता.

‘आल्याशिवाय राहणार नाही’ हे शब्दाला शब्द ठेवून इंग्रजीत नेऊ नका. ‘ही वोन्ट रिमेन विदाउट कमिंग’ कोणाला कळणार? ‘ही विल डेफिनेटली कम’ म्हणा आणि मोकळे व्हा.

सावध: नोटीस, सूचना, औषधाचं वेळापत्रक, पैशांची पत्रं यांत मुद्दामचा दुहेरी नकारही नको. छटा दाखवायच्या त्या गप्पांत. आणि स्पर्धा परीक्षेत ‘कोणतं विधान चुकीचं नाही?’ असा प्रश्न आला तर दोन्ही नकारांवर काट मारून वर पेन्सिलीने ‘बरोबर कोणतं?’ लिहा, मग पर्याय वाचा.

## मध्येच एक अडथळा: गाण्यांतलं आणि फोनवरचं इंग्रजी

‘मग गाण्यांत ते कसं म्हणतात?’ हा प्रश्न दर तुकडीत येतो. लंडनच्या कामगार वस्त्यांतल्या बोलीत, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या इंग्रजीत आणि इतरही बोलींत एकाच नकारासाठी दोन-तीन नकारी शब्द येतात. ती त्या बोलींची पक्की रीत आहे, आपल्या ‘कोणीच काहीच नाही’च्या बरीच जवळची. त्यांना अडाणी म्हणायचं कारण नाही. परीक्षेत आणि अर्जात मात्र ती रीत चालत नाही.

मालाडच्या कॉल सेंटरमध्ये बसणाऱ्यांना एवढंच सांगते: ग्राहक ‘आय डोन्ट नीड नो हेल्प’ म्हणाला तर त्याला मदत नको आहे. तिथे गणित करून ‘दोन नकार म्हणजे हवी आहे’ असं ठरवू नका.

फोनवर ‘कॅन’ आणि ‘कॅन्ट’ सारखेच ऐकू येतात, म्हणून लोक जोर द्यायला आणखी एक नकार चिकटवतात. त्यापेक्षा ‘कॅनॉट’ असं पूर्ण म्हणा.

## पायरी ८: एक अख्खं पत्र तपासून बघा

सुट्या वाक्यांत बरोबर येणारं पत्रात बिघडतं. हे घ्या, सोसायटीच्या सेक्रेटरीला लिहिलेलं, सरावासाठी मीच बनवलेलं:

‘आय हॅव नॉट रिसीव्ह्ड नो मेंटेनन्स बिल सिन्स मार्च. आय आस्क्ड द वॉचमन बट ही डिडन्ट नो नथिंग. अनटिल आय डोन्ट गेट द बिल, आय कॅन्ट पे. आय डिनाय दॅट आय डिड नॉट रिफ्यूज टू पे. प्लीज प्रिव्हेंट धिस नॉट टू हॅपन अगेन.’

खालचं वाचण्याआधी पेन्सिल घेऊन नकारांना गोल करा. छुप्यांनाही. माझ्या हिशेबाने अकरा गोल येतात.

पहिल्या वाक्यात नॉट आणि नो एकाच क्रियापदावर आहेत. नॉट ठेवा, नोचा एनी करा. दुसऱ्यात नथिंगचा एनीथिंग. तिसऱ्यात मनातलं मराठी ‘बिल मिळेपर्यंत’ असं फिरवा, डोन्ट गळून पडेल. चौथं वाक्य सगळ्यात वाईट: डिनाय, नॉट आणि रिफ्यूज मिळून लिहिणाऱ्याने कबूलच केलं की मी पैसे द्यायला नकार दिला. म्हणायचं होतं नेमकं उलटं. डिनाय काढा. पाचव्यात प्रिव्हेंट आहे, तेव्हा नॉट नको.

दुरुस्त पत्र:

‘आय हॅव नॉट रिसीव्ह्ड एनी मेंटेनन्स बिल सिन्स मार्च. आय आस्क्ड द वॉचमन बट ही डिडन्ट नो एनीथिंग. आय कॅन्ट पे अनटिल आय गेट द बिल. आय डिड नॉट रिफ्यूज टू पे. प्लीज प्रिव्हेंट धिस फ्रॉम हॅपनिंग अगेन.’

चौथ्या वाक्यात नॉट आणि रिफ्यूज असे दोन नकार अजून आहेत. सातव्या पायरीची रीत लावा: नॉट खोडला तर अर्थ उलटा होतो, म्हणून दोन्ही राहू द्या. शेवटच्या वाक्याबद्दल मात्र मी विद्यार्थ्यांना विचारते, सेक्रेटरीने नेमकं करायचं काय? मग ते वाक्य बहुतेक वेळा असं होतं: ‘प्लीज सेंड मी द बिल बाय ईमेल एव्हरी मंथ.’ नकार शून्य.